बिल्ला ठेवून जा

(जिऊ खोरं, रुमानिया)

बस. त्या बाकाचा पाय लटपटतो, भिंतीकडे सरक.
राजधानीतून आलायस, बुटांवरूनच कळतं.
वाच तुझा अर्ज. हळू वाच.

बाधित व्यक्तीचं नाव:
वेतुरिया. आडनाव नवऱ्याचंच, दुसरं लागलं नाही.

कामाचं स्वरूप:
दिवे देणे. दिवे घेणे.
सव्वीस वर्षं, ह्याच खिडकीतून.
माणूस यायचा, पितळी बिल्ला सरकवायचा,
मी त्याच्या नंबराचा दिवा द्यायची,
म्हणायची, नोरोक बुन, नशीब चांगलं असू दे,
आणि बिल्ला खुंटीवर.
पाळी सुटली की दिवा माझ्याकडे, बिल्ला त्याच्याकडे.
आमचं अर्थशास्त्र एवढंच, बाळा:
उजेड नेतोस, तर स्वतःचं काहीतरी ठेवून जा.

चारशे सतराचा बिल्ला अजून इथेच आहे.
नाही, ते अर्जात नको.

काय लिहिलंस? अप्रत्यक्ष रोजगार?
बरं. राहू दे.

न्याय्य स्थित्यंतर.
फार लांब शब्द. आमच्या पिंजऱ्यातून खाली न्यायचा
तर आडवा करून न्यावा लागला असता.
पण अर्थ वाईट वाटत नाही.
खाण बंद झाल्याचं मला दुःख नाही
असं मोठ्याने म्हटलं तर शेजारची इलुश बोलणं टाकेल,
म्हणून हळू सांगते. खाली बघ, नदी.
माझ्या लग्नात ती दौतीतल्या शाईसारखी होती.
परवा माझ्या दिराने, गाव्रिलाने, तिच्यात मासा धरला,
अंगावर ठिपके असलेला, हाताएवढा.
बादलीत ठेवून संध्याकाळपर्यंत समोर बसला,
खावा की त्याची माफी मागावी, ठरेना.
शेवटी परत सोडून आला.
ह्याला आहे का रकाना?

सिल्विऊ पवनचक्क्या चढायला शिकतोय.
अठरा वर्षं जमिनीखाली, आता नव्वद मीटर वर.
म्हणतो, मावशी, वरून पहिल्यांदा दिसलं
आपण केवढं उकरलंय ते.
कमरेचा पट्टा अजून दोनदा ओढून बघतो.
तेवढी सवय खालून वर आली.
पण वर्गात जागा वीस, आणि माणसं तीनशे चाळीस.
बाकीचे स्पेनमध्ये, वाकून, दुसऱ्याच्या स्ट्रॉबेऱ्या तोडतात.
आणि आमच्या इमारतीत नळ्या गार पडल्यात,
वीजघराची उरलीसुरली ऊब यायची, ती गेली.
ऊब इकडे यायची, उजेड तिकडे, तुमच्याकडे, जायचा.
आणि धूर?
धुराची पावती कुणाच्या नावाने फाडली होती?
मी इतक्या वह्या भरल्या, मला कुठे सापडली नाही.

डोंगराने न मोजता साठवलेलं
आम्ही दर पंधरा तारखेला पगार म्हणून मोजून घेतलं.
व्याज समजून मुद्दल जाळलं.
आम्ही जाळलं, खरंय.
शेकले मात्र सगळे.

शेवटची पाळी मार्चमध्ये झाली, दुपारची.
एकशे नऊ दिवे खाली गेले, एकशे नऊ वर आले.
साहेबाने फीत कापली. बंद करायला फीत कशाला
हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.
बिल्ले लोकांनी घरी नेले, आठवण म्हणून.
खुंट्या रिकाम्या झाल्या. एक सोडून.
त्या रात्री मी दिवे पुन्हा चार्जिंगला लावले,
सगळे. उगाच.
विजेचं बिल कुणी भरलं, विचारू नकोस.

सही इथे?
झालं. सात पानं.
आमची फुप्फुसं, नदी, पोरं, सगळं घेऊन चाललास.

थांब.
माझ्या खिडकीतून असंच काही नेता येत नाही.
पेन ठेव. नाहीतर ते गळ्यातलं ओळखपत्र.
ही बघ, चारशे अठरा, रिकामीच आहे.
परत आलास
की मिळेल.